एकतिसावा चौकोन

सायकलची घोडी पायानं उडवतो
आणि केटाच्या बाजाराकडे निघतो.
कमरेला बटवा, खिशात निळं पेन,
पिशवीत दोनशे अकरा माणसांची कार्डं.
प्रत्येक कार्डावर एकतीस चौकोन,
दिवसाला एक खूण.
महिनाअखेर तीस दिवसांचे पैसे त्यांचे,
एका दिवसाचे माझे.
इतकाच माझा धंदा:
लोकांचे पैसे
लोकांपासून लपवून ठेवणं.

काफुई तिचं कार्ड भट्टीवरच्या पत्र्यात खोचते.
धुरानं ते तिच्या मासळीसारखंच तांबूस झालंय.
रोजचे पाच सेडी.
होड्या रिकाम्या आल्या तर दोन-अडीच पुढं करते,
"सेन्यो, आज अर्धीच खूण कर."
अर्धी खूण कशी करतात, मला ठाऊक नव्हतं.
माझ्याच पेनानं तिनं एक तिरपी रेघ ओढली:
"हिला छेद देणारी उद्या येईल."
वाचता येत नाही तिला,
पण सतराव्या दिवशी मी एकदा खूण विसरलो
तर मीठवाल्यांच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं.

या गावाचं अंथरूणच समुद्र
रोज बोटभर ओढून नेतो.
शाळेचं पटांगण होतं तिथं आता होड्या बांधतात.
पाय किती पसरायचे
हे इथं सकाळी उठून नव्यानं मोजावं लागतं.

मार्चमध्ये तिचा मामा वारला.
घराण्यानं कापड ठरवलं: काळ्यावर लाल शिंपले,
माणशी सहा वार.
तंबू, बँड, भाड्याच्या तीनशे खुर्च्या,
आणि मामाचा फोटो,
मामा राहायचा त्या खोलीहून उंच.
त्या आठवड्यात माझ्या दारात रांग लागली.
कुणी एकोणिसाव्या दिवशी, कुणी सव्विसाव्या,
"मोड रे कार्ड."
मी मोडत गेलो. पैसे त्यांचेच, मी कोण अडवणार?

काफुई आली नाही.

शनिवारी ती दिसली जुन्याच कापडात,
रात्री काळ्या रंगात बुडवलेलं.
पुरतं वाळलं नव्हतं,
घामासोबत रंग पोटऱ्यांवर उतरत होता.
बायका एकमेकींना कोपरानं खुणावत होत्या.
मामासाठी ती जी रडली
ते काही कुणी वारानं मोजलं नाही.

नवं कापड माझ्या अंगावर होतं.
सहा वार. उधारीचे.
मामा माझा कुणीच नव्हता.

सोमवारी पाच सेडी हातावर ठेवून तिनं विचारलं,
"तुझं कार्ड कुठंय?"
"मी गोळा करतो," मी हसून म्हणालो.
"ते दिसतंय मला. तुझं कार्ड?"

पिशवीत बघितल्यासारखं केलं.
दोनशे अकरा जणांचा एकतिसावा चौकोन खाऊन
ट्यूबचं पंक्चर मी उधारीवर काढत होतो,
हे तिला कुणी सांगितलं, कोण जाणे.
बहुतेक सायकलनंच.

तिनं खोक्याचं पुठ्ठं फाडलं,
कोळशानं चौकोन पाडले, वाकडेतिकडे,
एक दुसऱ्याच्या घरात घुसलेला.
मी मोजले. "बत्तीस झाले."
"शेवटचा माझा," ती म्हणाली.
"तू सोडतोस का कुणाचा?"

तेव्हापासून रोज तिचे पाच घेतो,
आणि माझे दोन तिच्या हातावर ठेवतो.
ते दुधाच्या रिकाम्या डब्यात पडतात.
बघणाऱ्याला वाटतं,
सेन्यो सुटे परत करतोय.

काल खिशात एकच निघाला.
मी कारण सांगायला तोंड उघडलं,
तर तिनं मासळी उलटता उलटता
राखेतला कोळसा उचलला
आणि ओढली
एक तिरपी रेघ.